अर्ध्या ताटाचं औषध

एका सोमवारी सकाळी डॉक्टरांनी माझ्या बायकोची पापणी ओढली. आधी डाव्या डोळ्याची, मग उजव्या. तिला पाचवा महिना होता. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मास्तर, जेवण झाल्यावर तुमच्या ताटात काय उरतं?"

"काही नाही," मी म्हणालो.

हे मी अभिमानानं सांगितलं होतं. वडिलांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. पुस्तकाचं पान दुमडायचं नाही आणि ताटात शीत टाकायचं नाही. वडील लवकर गेले, त्यामुळे या दोन गोष्टी मी जरा जास्तच मनावर घेतल्या. ताटाला लागलेली आमटीसुद्धा मी भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं पुसून घेत असे. आई म्हणायची, "ह्येचं ताट घासलं न्हाई तरी चालंल."

"आणि त्याच ताटात नंतर कोण बसतं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. आमच्या घरी, आणि आमच्याच काय, भोवतालच्या सगळ्या गावांत, पुरुषांचं झालं की बाई नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायला बसे. त्यानं ठेवलं असेल ते कालवण, आणि टोपल्यात राहिली असेल ती भाकरी. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण ताट पुसताना ते कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुमची शिस्त चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. "या शिस्तीनं ही बाई श्रावणात मरेल."

डॉक्टर मूळचे सांगलीचे. आमचा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, आणि इस्लामपुरात बाजाराच्या टोकाला त्यांचा दवाखाना होता. मी तिथल्याच शाळेत शिकवायचो आणि कृष्णाकाठच्या आमच्या गावाहून सायकलनं यायचो. ते उंच, वाळके, उन्हाळ्यातही काळा कोट घालणारे. डोळ्यांवर धुरकट काचांचा चष्मा. तो ते कधी काढत नसत. काम उन्हात करावं लागतं, असं कारण सांगत.

काम उन्हात, कारण त्यांच्या कोटाच्या खिशात एक छोटी पुस्तिका असे. आत लाल रंगाचे दहा चौकोन, सगळ्यांत फिकट वर, सगळ्यांत गडद खाली. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायचा, ओल गेली की तो डाग एकेका चौकोनाशेजारी धरून बघायचा. ज्याच्याशी जुळला तेवढे टक्के रक्त, दोहोंच्या मधे पडला तर मधला आकडा. दिव्याच्या उजेडात हे जमत नाही, म्हणून डॉक्टर रोग्याचा हात धरून त्याला भर रस्त्यात आणत. बैलगाड्या थांबत. मिरच्या विकणाऱ्या बायका आपापली मतं देत.

सुई सगळ्यांनाच टोचता येत नाही, पापणी मात्र ओढता येते. लोक जसा नमस्कार करतात तशी ते पापणी ओढत. आत तांबडं दिसलं तर "चला, पुढचं बोला" म्हणत. पांढरं दिसलं तर पुढचं काही ऐकतच नसत. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, टक्के राहत. आमच्या मुख्याध्यापकांना ते "पंच्याऐंशी" म्हणत. माझ्यासमोर एकदा म्हणालेही, "तुमचे पंच्याऐंशी आज रागात दिसले."

एका लग्नात ते जेवायला आले आणि थेट मांडवात शिरले. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, अंतरपाट धरलेला होता. डॉक्टर नवरीजवळ गेले आणि त्यांनी मुंडावळ्या बाजूला करून तिची पापणी ओढली. भटजींचा सूर तुटला.

नवरीचा बाप ओरडला, "आवं, काय चाललंय हे?"

"अंतरपाट आहे तोवर बघून घेतलं," डॉक्टर म्हणाले. मग पलीकडे वाकून नवरदेवाला म्हणाले, "पस्तीस. लग्न खुशाल कर. पण वर्षभर हिला आधी जेवायला घाल."

त्यांना मांडवाबाहेर काढण्यात आलं. जाता जाता त्यांनी परातीतले दोन लाडू उचलले. लोकांना वाटलं स्वतःसाठी. ते लाडू त्यांनी मागे वळून नवरीच्या ओंजळीत ठेवले, अक्षतांवरच, आणि मग निघून गेले.

त्या वर्षांत आमच्या भागात पोलीस फार फिरत. भूमिगत माणसं शेताशेतांतून वावरत होती आणि ज्याच्या हातात कागद दिसेल त्याचा संशय येई. एका हवालदारानं डॉक्टरांची वही पकडली. वहीत लिहिलेलं: पाटलाची थोरली सून चाळीस, कुंभारीण तीस, तेल्याची धाकटी पंचवीस.

"ही काडतुसं कुठं दडवलीत?" हवालदारानं दरडावलं.

"बायकांच्या अंगात," डॉक्टर म्हणाले. "मोजली तर फार कमी भरतात." मग त्यांनी हवालदाराची पापणी ओढली. "तुम्ही साठ. पायात बूट नसताना चिखलात हिंडता का?"

हवालदार खरोखरच गडबडला. उसाला पाणी पाजताना घरच्या शेतात हिंडतो, म्हणाला. डॉक्टरांनी त्याला पोटात राहून रक्त पिणाऱ्या जंतांची सगळी कथा सांगितली. ते जंत अनवाणी तळव्यातून कसे चढतात हेही सांगितलं. हवालदार वही परत देऊन, जंतांचं औषध घेऊन गेला. गावातल्या बायकांनाही डॉक्टर वहाणा घालायला सांगत. बायका ऐकत, वहाणा घेतही. पण वडीलधाऱ्यांपुढे घालायच्या नाहीत म्हणून हातात धरून चालत. डॉक्टर रस्त्यात उभे राहून विचारत, "हाताला जंत चावतात का ग बायांनो?"

तर त्या सोमवारी माझ्या बायकोचं रक्त तीस टक्के भरलं.

मी तिला दवाखान्यात नेलं होतं ते एका वेगळ्याच कारणानं. आमच्या चुलीचा एक कोपरा झिजत चालला होता. आई दर शुक्रवारी चूल सारवायची, कोपरा लिंपायची, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत तो पुन्हा नाहीसा व्हायचा. मला उंदीर वाटला. मग एका दुपारी मी बायकोला भाजलेल्या मातीचा खडा तोंडात टाकताना पाहिलं. आई हसली. "गरवार बाई माती खातीच की रं," म्हणाली. पण बायको पाण्याची घागर आणताना वाटेत दोनदा थांबते, हेही मी त्याच आठवड्यात पाहिलं होतं.

डॉक्टरांना मातीचं सांगितल्यावर ते म्हणाले, "पोटाला जे पाहिजे ते ताटात नाही म्हणून ती चूल खाते. एवढं साधं आहे."

त्यांनी मला त्यांच्या पितळी सूक्ष्मदर्शकातून तिचं रक्त दाखवलं. फिकट गोल चकत्या दिसल्या, मधे जवळजवळ पांढऱ्या. "रिकाम्या पराती," ते म्हणाले. "लोह नाही. भरायला काही नाही." मग एका जुन्या इंग्रजी मासिकातलं चित्र काढून दाखवलं. त्यातल्या पेशी गोल नव्हत्या, विळ्यासारख्या वाकड्या होत्या. अमेरिकेतल्या रोग्याच्या होत्या. "हा वेगळा पांडुरोग. हा आईबापांच्या रक्तातूनच येतो. हे विळे बारीक शिरांत अडकतात, हाडं ठणकतात, पेशी लवकर मोडतात. त्याला मेथी खाऊन उतार नाही. त्याला माझ्याकडे काहीच नाही." हजारभर लोकांचं रक्त आपण तपासलं, एकही विळा सापडला नाही, असं ते म्हणाले. हे सांगताना त्यांचा चेहरा थोडा हिरमुसला आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "बरं झालं म्हणा. आपल्याकडचे विळे बांधावर आहेत. तुमच्या बायकोचं दुखणं ताटातलं आहे. तिला बरं करता येतं. श्रावणापर्यंत पन्नासच्या वर आणा. बाळंतपणात रक्त जातं. तिसातून गेलं तर मागे काही राहणार नाही."

त्यांनी लोहाच्या काळ्या औषधाची बाटली दिली, आणि पालेभाजी, अंडी, बकऱ्याचं काळीज अशी यादी.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. आई ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मी सात बाळातपणं काढली. माझं रगत कुणी मोजलं?" मग तिनं बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि संध्याकाळी त्यातला चमचा मला दिला. "सायकल तू हानतूस. ताकद तुला पायजे."

दुसऱ्या दिवशी मी ताटात अर्धी भाकरी आणि भाजी ठेवून उठलो. आईनं विचारलं, "का रं, ग्वाड लागली न्हाई?" मी म्हणालो, "पोट भरलं." तिसऱ्या दिवशी तिनं मला कमी वाढलं.

बायकोला मी म्हणालो, तू आधी जेव. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला देव्हाऱ्यावर पाय ठेवायला सांगितलं. "आत्याबाई उपाशी आन् मी आदी जेवू व्हय? समद्या गावात त्वांड दावायला जागा ऱ्हाईल का?"

पंधरा दिवसांनी टिपकागद पुन्हा तीसच्या चौकोनाशी जुळला. डॉक्टर बराच वेळ पुस्तिका उघडमीट करत बसले. मग त्यांनी पुस्तिका खिशात घातली, आणि मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"मास्तर, तुम्ही आजारी पडा."

मी म्हणालो, मला खोटं बोलता येत नाही.

"बोलू नका. फक्त धापा टाका. पाणवठ्यावरून वर येताना तुमची बायको कुठं थांबते?"

"चिंचेपाशी. मग देवळाच्या कट्ट्याशी."

"कशी उभी राहते?"

मी आठवून पाहिलं. एक हात कमरेवर, दुसरा झाडाला. तोंड उघडं. डोळे मिटलेले.

"तसंच करा. सगळं तिचंच घ्या. तुम्हाला नवीन काही रचावं लागणार नाही."

चार दिवस मी माझ्या बायकोची नक्कल केली. चिंचेपाशी थांबलो, कट्ट्याशी बसलो, घराची पायरी चढताना चौकट धरली. नक्कल करता करता मला कळलं की त्या दोन थांब्यांमधलं अंतर किती आहे. मी तिथून वर्षानुवर्षं सायकल हाणत गेलो होतो. आणि आईला, जिला सुनेची धाप पाच महिने दिसली नव्हती, माझी धाप पहिल्याच संध्याकाळी दिसली.

"आरं माझ्या लेकरा," ती म्हणाली आणि तिनं स्वतःच डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

चौथ्या दिवशी डॉक्टर टांग्यातून आले. मला अंगणात उन्हात बसवलं, पापणी ओढली, जीभ बघितली, गुडघ्यावर टिचक्या मारल्या. टिचक्यांचं काही कारण नव्हतं, ते त्यांनी मला नंतर कबूल केलं. मग नुसती मान हलवत राहिले.

"आवं डागदर, काय झालंय ते सांगा की," आई म्हणाली.

"रक्त उतरलंय. आता मी सांगतो ते नीट ऐका. रोज पालेभाजी. लोखंडी कढईत. त्या जर्मनच्या पातेल्यात नाही. दोन अंडी. गूळ-शेंगदाणे. आठवड्यातून दोनदा काळीज. ताट शिगोशीग भरून वाढायचं."

"वाढते की. त्येला काय हुतंय."

"पण यानं अर्धंच खायचं. बरोबर अर्ध्यावर उठायचं. एक घास जास्त खाल्ला तर यकृतावर येईल."

आई विचारात पडली. "मग अर्दंच वाढते."

"नाही!" डॉक्टर एवढ्या जोरात म्हणाले की कोंबड्या पळाल्या. "भरलेलं ताट डोळ्यांना दिसलं पाहिजे. तो उपचाराचा भाग आहे. आणि उरलेलं गुरांना घालायचं नाही. औषधाचं ताट आहे, गुरांना बाधेल."

"मग टाकायचं?"

"अन्न टाकायचं कसं?" डॉक्टर म्हणाले. "नेहमी जो त्या ताटात बसतो त्यानं खायचं. त्याला बाधत नाही."

मी खाली मान घालून बसलो होतो. माझ्या आयुष्यात मला एवढं हसू कधी आवरावं लागलं नव्हतं, आणि सगळ्यांना ते रोग्याचं कण्हणं वाटलं.

मग साडेतीन महिने मी गावातला सर्वांत प्रसिद्ध रोगी होतो. गावचे मुलाणी चाचा बकरं कापलं की काळीज पानात बांधून घरी आणून देत आणि माझ्या उशाशी बसून माझ्याकडे बघत. "मास्तर, हिंमत सोडू नका," म्हणत. हे सांगताना त्यांचेच डोळे भरत. मामा येऊन माझ्यासमोरच आईशी शेताच्या वाटणीबद्दल हलक्या आवाजात बोलून गेले. शाळेत मुख्याध्यापकांनी मला खुर्चीवर बसून शिकवायची परवानगी दिली. मी रोज आरशात बघायचो, आणि गाल चांगले वर आलेले दिसायचे. अर्धं म्हटलं तरी ते पूर्वीच्या ताटाच्या दीडपट होतं. आई म्हणायची, "सुजलाय गं बया."

लोहाची बाटली आता माझ्या नावाची होती. ती मी पुस्तकांच्या फळीवर, जाड शब्दकोशामागे ठेवायचो. बायको फळी झटकायला जायची आणि दोन वेळचा चमचा घेऊन यायची. त्या औषधानं दात काळे होतात, ही आमची एक काळजी होती. पण घरातल्या सगळ्याच बायका मिश्री लावत असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. फळी इतकी स्वच्छ मात्र पुन्हा कधी राहिली नाही.

ताट सोडून उठणं मला सर्वांत कठीण गेलं. पहिले काही दिवस काळजाचे तुकडे ठेवून उठताना वडील मागे उभे आहेत असं वाटे. बायको त्या ताटावर बसे, आधी इकडेतिकडे बघे आणि मग भराभर खाई. ती इतकी जेवते हे मला माहीत नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती.

आषाढात टिपकागद पंचेचाळीसपर्यंत आला. एका शुक्रवारी आई चूल सारवत होती. मी दारात धाप टाकत उभा होतो, सवयीनं.

"पुरं कर," आई मागे न वळता म्हणाली.

मी धाप थांबवली.

"हा कोपरा बग." तिनं सारवलेल्या हातानं दाखवलं. कोपरा जागेवर होता. कोरा, गोल, अखंड. "महिना झाला लिंपला न्हाई. आजारी तू, आन् चूल कशी रं बरी झाली?"

मी चौकटीवरचा हात काढला.

"मला खुळी समजतो व्हय तुजा डागदर? गुडग्यावर टिचक्या मारतोय." ती पुन्हा सारवू लागली. हात गोल गोल फिरत होता. "मी काय बोलले न्हाई. सुनंला आदी वाडलं असतं तर शेजारपाजारच्यांनी मलाच खाल्लं असतं. असं झालं ते बरं झालं." हात थांबला. "तुज्या बापानं ताट लय सोच्च ठेवलं जन्मभर. माज्यासाठी कुनी आजारी पडलं न्हाई."

हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते त्याच दिवशी टांगा करून आमच्या घरी आले. आईनं आजवर त्यांना आपल्या डोळ्यांना हात लावू दिला नव्हता. त्या दिवशी तिनं पदर मागे सारला आणि उन्हात जाऊन उभी राहिली. डॉक्टरांनी पापणी ओढली. टक्के सांगितले नाहीत. त्यांनी टक्के सांगितले नाहीत असं मी तेवढं एकदाच पाहिलं.

"मास्तरांच्या औषधात एक बदल आहे," ते म्हणाले. "रोग्याचं जेवण आधी घरातल्या वडील माणसानं तपासायचं. चव नाही, वाटीभर. प्रत्येक पदार्थ. मग अर्धा तास थांबायचं, आणि मगच रोग्याला वाढायचं."

"हे आता कुनासाठी?" आईनं विचारलं.

"रोग्यासाठी."

"आन् रोगी कोन?"

"मास्तर."

"व्हय का. मास्तरला बरं कवा करनार?"

"तुमची वाटी संपली की."

आईनं पदर डोक्यावर घेतला. "लय चालू हाईस रं गड्या," ती म्हणाली. एवढ्या मोठ्या डॉक्टरला ती अरेतुरे करून बसली, आणि दोघांनाही ते कळलं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरी माझ्या आधी आई जेवू लागली. तपासणी म्हणून.

श्रावणात, सकाळी, बायकोच्या कळा वाढल्या. गावची सुईण आत होती, डॉक्टर ओसरीवर. मूल रडलं. मुलगी होती. मग सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "डागदर, रगत थांबंना." डॉक्टर आत गेले. मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो. आई माझ्याशेजारी होती आणि तिनं माझं मनगट धरलं होतं. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही.

डॉक्टर टिपकागद घेऊन बाहेर आले. रक्त थांबलं होतं. पण आता किती उरलंय ते बघायचं होतं, आणि आभाळ भरलेलं होतं. असल्या उजेडात चौकोन जुळत नाहीत. डॉक्टर अंगणाच्या मधोमध पुस्तिका उघडी धरून उभे राहिले. आई, सुईण, मी आणि कुंपणापलीकडून आलेले मुलाणी चाचा, आम्ही सगळे आभाळाकडे बघत होतो. चाचांना वाटत होतं की माझंच काहीतरी झालंय. ढगाला फट पडली, अंगणात ऊन आलं, तुळशीपर्यंत आलं, डॉक्टरांच्या हातावर आलं.

"चाळीस," ते म्हणाले. "पुरेल."

मग ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि चष्म्याखालून बोटं घालून त्यांनी डोळे पुसले. थोड्या वेळानं पोरीच्या टाचेतून एक थेंब घेऊन काचेवर पसरवला. "दवाखान्यात बघतो. विळा असला तर कळवीन," म्हणाले आणि टांग्यात बसले. संध्याकाळी निरोप आला: विळा नाही.

दिवाळीनंतर बायको पोरीला घेऊन दवाखान्यात गेली. मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी पोरीची पापणी ओढली, तिची ओढली, "पासष्ट" म्हणाले आणि खूश झाले. तेव्हा बायकोनं पोरीला माझ्याकडे दिलं.

"डागदर, तुमी जरा चष्मा काडा."

"का?"

"काडा तर."

तिनं थांबून बघितलंच नाही. चष्मा वर सरकवला आणि अंगठ्यानं त्यांची पापणी ओढली, अगदी ते ओढत तशी. मग त्यांचा हात धरून त्यांना रस्त्यात उन्हात आणलं आणि पुन्हा ओढली. मिरचीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"पांढरं हाय," ती म्हणाली. "माजं हुतं त्येच्यापरीस पांढरं. किती दिस झालं?"

"पोटात जुनी जखम आहे. अधूनमधून वाहते," डॉक्टर म्हणाले. पकडल्या गेलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"आन् जेवता काय?"

"बाई, मी एकटा माणूस. ताटात आधी मीच, नंतरही मीच. माझ्यासाठी अर्धं कोण सोडणार?"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या सायकलला त्यांचा डबा लागला. बायको भरायची, आई वरून गूळ ठेवायची. डॉक्टर डबा घ्यायचे आणि संध्याकाळी परत द्यायचे तेव्हा त्यात नेमकं अर्धं असायचं. मी चिडायचो. ते म्हणायचे, "मास्तर, पथ्य आहे." परत येताना मी ते अर्धं चिंचेखाली बसून खायचो, कारण घरी नेलं असतं तर बायको रडली असती.

असं दीड वर्ष चाललं. मग त्यांच्या पोटातली जखम एका दिवशी फार वाहिली. सांगलीला नेलं होतं, तिथंच गेले. त्यांच्या भावानं ती पुस्तिका माझ्याकडे पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती. नंतर बऱ्याच वर्षांनी मी वाचलं की आपल्या देशातही, डोंगरभागातल्या लोकांत, विळ्यासारख्या पेशी सापडल्या. वाचून पहिल्यांदा मनात आलं, डॉक्टरांना सांगायला हवं.

आई त्यानंतर अठरा वर्षं होती. शेवटपर्यंत तिनं माझं जेवण तपासलं. मी बरा झालोय हे तिनं कुणाला कधी सांगितलं नाही. बायकोला पुढं स्वतःचं ताट आलं, आम्ही शेजारी बसून जेवू लागलो, तरी माझ्या ताटातलं अर्धं ती हात लांबवून घ्यायची. मीही त्या हिशोबानं वाढून घ्यायचो. ती यंदाच्या माघात गेली.

पुस्तिका माझ्या कपाटात, त्याच शब्दकोशामागे आहे. रंग उडालेत. सगळे चौकोन आता तीसचे दिसतात.

घरात आता सगळे एकत्र जेवतात. मी अर्ध्यावर उठतो. सून विचारते, "बाबा, बरं वाटत नाही का?" मी म्हणतो, बरा आहे. ताटात अर्धी भाकरी असते.